कुणी विचारायच्या आत

“आडनाव काय म्हणालीस?” खोली दाखवून झाल्यावर घरमालकीणबाईंनी माझ्या मैत्रिणीला विचारलं.

“गजभिये.”

“अगं बाई, ही तर कालच दिली की!” दार लागलं. फाटकावर ‘मुलींसाठी खोली भाड्याने’ ही पाटी तशीच.

समाजशास्त्राच्या तासाला आम्ही ज्यावर तावातावाने बोलायचो, ते आज असं गोड आवाजात भेटलं. मी वैतागून म्हणाले, “पुढच्या घरी माझंच आडनाव सांगू. बहिणी आहोत म्हणू.”

“आणि माझे बाबा भेटायला आले, की त्यांना कोण म्हणायचं?”



पुढची बेल तिनेच दाबली. दार उघडताच, कुणी विचारायच्या आत, खणखणीत आवाजात म्हणाली, “नमस्कार काकू, मी शलाका गजभिये. खोली बघायची होती.”

काकूंचं उत्तर यायच्या आधीच माझं ठरलं. खोली कुठेही मिळो, राहायचं ते हिच्याच सोबत.