आतून कडी

"वहिनी, पुन्हा चुकलीस!" नणंदेने लाल फुली मारली आणि पेपर तिच्याकडे फिरवला. "नियम काय दिलाय? बोलायची जबाबदारी नसेल, तर नुसतं गप्प बसणं ही फसवणूक होत नाही. मग स्कूटर विकताना ब्रेक खराब असल्याचं तो बोलला नाही, तर तू फसवणूक का लिहिलंस?"

"वा गं! घेणारा मरेल की."

"मरू दे. आपण दिलेल्या नियमाबाहेर जायचं नाही. तू दर वेळी न्याय करायला बसतेस. आधी प्रवेश तर मिळव, मग बस त्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर."

ती हसली. मांडीवरच्या लेकीने, छोटीने, तेवढ्यात पेन्सिल तोंडात घातली होती, ती तिने काढून घेतली. हसू मात्र वरवरचंच होतं. न्याय कोण करतंय, नि कडी लावून बसायला कुणाला मिळतंय!

लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा उद्यावर आली होती. हा शेवटचा सराव पेपर दोघींनी एकाच वेळी सोडवला होता. नणंदेने आतल्या खोलीत, दाराला कडी लावून. हिने जेवणाच्या टेबलावर, छोटीला एका हाताने धरून. नणंद बसली की सासूबाई भांडंसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. ही बसली की त्यांना हटकून काहीतरी आठवायचं. एकच पुस्तक, पण नणंद करायची तो अभ्यास आणि ही करायची ते वाचन. "तुझं वाचन झालं की दूध तापव गं."

सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि नवरा कामाच्या गावी. उद्या छोटीजवळ दोघींपैकी एकीला थांबणं भाग होतं. कुणी थांबायचं, हे घरात कुणी बोललं नव्हतं. नणंदेचे कपडे मात्र सकाळीच इस्त्री होऊन खुर्चीवर आले होते. इस्त्री हिनेच केली होती.

"तू आपली काठावर आहेस," नणंदेने तिचे गुण लिहिले. "आता माझा तपास. मी मागची बरोबर उत्तरं वाचते, तू माझ्या उत्तरपत्रिकेवर खुणा कर."

ती वाचत गेली, ही खुणा करत गेली. बरोबर, बरोबर, बरोबर. नेहमीसारखंच. मग एक चूक. तिला बरं वाटलं. लगेच दुसरी, तेव्हाही बरं वाटलं. पण पुढे सलग चुकाच यायला लागल्या, तशी ती चपापली. एवढी चुकणारी ही पोर नव्हे.

मग तिला दिसलं. एक अवघड प्रश्न नणंदेने सोडून दिला होता, पण उत्तरपत्रिकेवर त्याचा गोल रिकामा सोडायला ती विसरली होती. पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिने तिथे रंगवलं होतं, आणि तिथून खालचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर सरकलं होतं. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर होती. जागा तेवढ्या चुकल्या होत्या.

"अगं—" तिने तोंड उघडलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. डाव्या हातात, एकच कप. तो त्यांनी लेकीपुढे ठेवला. "दमलीस गं माझी बाय." मग हिच्याकडे वळून, "छोटी ओली झालीय बघ. वाचनात तुला कळतही नाही."

"काय म्हणत होतीस, वहिनी?"

"काही नाही," ती म्हणाली. "पुढचं वाच."

बेरीज झाली तेव्हा नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "एवढेच?"

"पुन्हा तपासायचं का?"

"तपासून चुका कमी होतात होय!" तिने उत्तरपत्रिका पाहिलीसुद्धा नाही, हातानेच दूर लोटली. चहा तसाच राहिला. मग डोळे पुसून तिने हात पुढे केले. "आण तिला इकडे. उद्या तू जा, वहिनी. मी थांबते."

"अगं पण—" सासूबाई म्हणाल्या.

"आई, पण नाही नि बिण नाही. वर्षभर दार लावून बसून माझे हे दिवे. ही पोर सांभाळून काठावर आलीय. एकीचं तरी काम होऊ दे." मग वहिनीला, "ऊठ, आत जा. कडी लाव, नाहीतर ही छोटी बया तुला बसू देणार नाही."

ती उठली. जाताना नणंदेच्या उत्तरपत्रिकेची घडी तिने मुठीत घेतली.

खोलीत टेबल होतं, दिवा होता, उशी घातलेली खुर्ची होती. तिने कडी लावली. वर्षभर बाहेरून ऐकलेला तो आवाज आतून फारच लहान होता. बाहेर छोटी एकदा रडली आणि आत्याच्या खांद्यावर गप्प झाली. दुधासाठी कुणी हाक मारली नाही. भांडं वाजलं नाही.

बोलायची जबाबदारी तिच्यावर कुणी टाकली होती?

दारावर टकटक झाली. "वहिनी, एक राहिलंच सांगायचं." नणंदेचा आवाज अजून ओला होता. "उद्या एखादा प्रश्न सोडलास, तर त्याचा गोलही सोड हं. तुझं लक्ष नसतं."

"हो," ती आतून म्हणाली.

उशी घातलेली खुर्ची तशीच रिकामी होती. एका मुठीत घडी, आणि दुसरा हात, कडी लावल्यापासून, तिच्यावरच.