गाडी सोडायची नाही

“एक कॅन? तीन मुक्कामांना पाण्याचा एक कॅन?” वाटाड्याने यादी टेबलावर आपटली. “बाई, वाळवंटात तंबू ठोकायला निघालात की जीव द्यायला?”

समोरची तरुणी जागची हलली नाही. “एक मोठं माणूस आणि एक चार वर्षांची मुलगी. पुरतं तेवढं.”

“कोण म्हणतं?”

“माझी आई.”

“मग परवान्यावर सहीसुद्धा आईचीच घ्या!”

त्याच्या सहीशिवाय चौकीवाले कुणाची गाडी वाळवंटात सोडत नसत. गेल्या हंगामात त्याने पाठवलेले दोघे गाडी सोडून भटकले, मरता मरता वाचले. आणखी एक भानगड झाली की दुकानाला टाळं, असं चौकीवाल्यांनी बजावलं होतं. आणि हिला लेकरू न्यायचंय! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लाल पेनाने त्याने एका कॅनचे आठ केले.

“स्पीकर लिहिलाय, फावडं नाही. चाक रुतलं तर?”

“हातांनी उकरता येतं. नखं जातात, एवढंच.”

“जीभ आवरा. गाडी बंद पडली तर काय कराल?”

“तुम्हीच सांगा. तुम्हाला अनुभव आहे म्हणे.”

ही हकिकत तो अशा अडेलतट्टू गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवी. सांगताना कधी अडखळत नसे.

“वीस वर्षं झाली. भर उन्हात गाडी बंद पडली. बायको होती, एवढीशी पोर होती. म्हटलं, हलू नका, मी मदत आणतो. पाय सोलून निघाले माझे. तिसऱ्या दिवशी माणसं घेऊन परत आलो, तर गाडी रिकामी. ऐकलं नाही माझं. पोरीला घेऊन निघाली चालत. गाडी सोडली की माणूस संपला. शिरलं डोक्यात?”

तरुणीने यादीचे तुकडे केले. 

“तिसऱ्या दिवशी आलात?”

“आलो तर!” तो गरजला. “मी काय खोटं बोलतोय?”

“पाचव्या दिवशी उंटवाल्यांनी उचललं, तेव्हा आई आणि मी गाडीतच होतो, बाबा.”