पिवळा दिवा

कॅल्गरीत लेकीकडे, हेमांगीकडे येऊन अप्पांना महिना झाला होता. मिरजेच्या एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस, इथे मात्र दिवसभर खिडकीशी बसून असायचा.

रविवारी जावयाने, सारंगने, गाडीला हिवाळ्याची, बर्फावर न घसरणारी चाकं चढवली. सोमवारी सकाळी हेमांगी कामाला निघाली, तेव्हा सोबत बाहेर आलेल्या अप्पांना गाडीत पिवळा दिवा दिसला.

“हा कशाचा गं?”

“टायरमधल्या हवेचा. उन्हाळी चाकांत सेन्सर आहेत, यांच्यात नाहीत. म्हणून एप्रिलपर्यंत हा पेटलेलाच राहतो.”

“म्हणजे हवा खरंच गेली तरी कळायचं नाही?”

“कालच भरलीय, अप्पा. मला हायवे गाठायचाय, उशीर होतोय.”

“दोन मिनिटं थांब.”

अप्पांनी गॅरेजमधून हवा मोजायचं मीटर आणलं आणि बर्फात गुडघा टेकून एकेक टायर तपासला. तीन ठीक होते. चौथ्यात निम्मीच हवा उरली होती. त्यांनी व्हॉल्व्हला थुंकी लावली, तर लगेच बुडबुडा फुगला.

हेमांगीने गाडी बंद केली. त्या दिवशी ती बसने गेली.

संध्याकाळी सारंग अप्पांशेजारी येऊन बसला. “अप्पा, तो व्हॉल्व्ह बदलून घेतला. या चाकांसाठीही सेन्सर मागवलेत. पण यायला आठवडा लागेल. तोवर रोज सकाळी जर तुम्ही...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अप्पांनी विचारलं, “किती वाजता निघता तुम्ही, सारंगराव?”