वजनदार शब्द

धर्मा सात वर्षांनी तुरुंगातून सुटला आणि घरी न जाता सरळ माझ्या ओटीवर येऊन बसला. मी कचेरीतला कारकून. भर उधाणात खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाचं दार, धर्माच्या राखणीतली उघाडी, उघडी राहिली आणि ती लावायला धावलेला त्याचा धाकटा भाऊ वाहून गेला, तेव्हा धर्माचा जबाब मीच इंग्रजीत उतरवला होता.

त्याने विचारायच्या आत मीच हात जोडले. "धर्मा, तू म्हणालास हयगय झाली. त्याला 'नेग्लिजन्स' लिहायचं असतं. मी 'मॅलिस' लिहिलं. शब्द वजनदार वाटला, बस. त्याचा अर्थ आकस, हे निकालानंतर कळलं, आणि मी नोकरीच्या भीतीने गप्प बसलो."

धर्माने मान हलवली.

"तुमचा काय बी चुकला न्हाय. उघाडी मीच उघडली व्हती, धाकल्यावरच्या रागानं. कोनाला म्हाईत न्हवता. बगनारा येकटा धाकलाच." तो पुढे सरकला, आवाज खाली आला. "येवढाच इचाराला आलो, सायब. बुडाल्यावर तो तुमच्याकडं कवा आल्ता?"