मडक्यावरची स्लाइड

स्लाइडवर काहीच हलत नव्हतं. भावनाने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, घाम पुसला, पुन्हा लावला. एकही नर जंतू फुटून शेपट्या बाहेर काढत नव्हता.

हेच तर हवं होतं. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात असतानाच नर नाहीतर मादी होतो. नर घडवणारा जीन भावनाने काढून टाकला होता. नर नाही तर डासाच्या पोटात पिल्लावळ नाही, पुढच्या माणसाला ताप नाही. याआधी दरवेळी हे मेले नर फुटलेच होते, आणि फेलोशिप आता संपत आली होती.

तिचे गाईड मधुसूदन सरांनी स्वतः बघितलं. फेलोशिपवाल्यांना दिल्लीला कळवतो म्हणाले, पेढे सांगतो म्हणाले. एरवी या माणसाच्या तोंडून 'बरं' निघायची मारामार!

भावनाने टेबलावर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. टेबल तापलं होतं. सकाळपासून लाईट नव्हती. इन्व्हर्टरवर मायक्रोस्कोप तेवढा चालू, एसी बंद. नागपूरचा मे महिना तो.

आणि तिच्या लक्षात आलं. नर फुटतो तो रक्त गार झाल्यावर, डासाच्या पोटात गेल्यावर. इथे खोलीच अंगाइतकी गरम. जंतूला वाटत असणार, आपण अजून माणसातच आहोत. तुलनेसाठी केलेली, जीन न काढलेल्या साध्या जंतूची स्लाइड शेजारीच पडली होती, पण आनंदाच्या भरात ती बघायचं भान कोणाला होतं?

तिने ती लावली. तीही मुकाट.

सर दिल्लीचा नंबर शोधत होते. गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? तिला गप्प बसायचं होतं, अगदी मनापासून.

"सर, फोन नका लावू," ती म्हणाली. "रूमच इतकी गरम आहे, नर असून बी फुटणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. भावनाने व्हरांड्यातलं गार पाण्याचं मडकं आत आणलं, त्यावर ताटली ठेवली आणि ताटलीत दोन नव्या स्लाइड. दोघंही ताटलीकडे बघत बसले.

आधी साधी स्लाइड. नर फटाफट फुटले, त्यांच्या शेपट्या गांडुळासारख्या वळवळू लागल्या.

मग तिची. सर मागे येऊन उभे राहिले. भावना स्लाइडचा कोपरा न् कोपरा बघत राहिली.

"बोल ना वं. काय दिसून राहिलं तुले?"

"काहीच नाही, सर. एक बी नर नाही," भावना म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.