फोनवरची बायको

"त्या डिटेक्टिव्हला बायकोच नाहीये," युवराज म्हणाला आणि त्यानं केतकीच्या डब्यातली भाजी आपल्या पोळीवर ओढून घेतली.

युवराज तिच्या ऑफिसातला, हैदराबादच्या चिक्कडपल्लीत वाढलेला मराठी मुलगा. तेलुगू पाण्यासारखं बोलायचा, मराठी मात्र अक्षराला अक्षर लावून वाचायचा. एवढे कष्ट घेऊन त्यानं तिचं परीक्षण वाचलं होतं, म्हणून तिला त्याच्यावर चिडताही येईना.

परीक्षण तिनं आदल्या दिवशीच पुण्याच्या सिनेमावेड्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं होतं. लग्न करून हैदराबादला आली तरी तिथं तिच्या शब्दाला वजन होतं. केतकीनं चांगला म्हटला की लोक डोळे झाकून तिकीट काढत. सिनेमा तेलुगू, एका लाचखाऊ डिटेक्टिव्हची ब्लॅक कॉमेडी. मुडदा पडला की याचा खिसा भरलाच. केतकीला तेलुगू येत नव्हतं, पण शेजारी मामा होते. सासऱ्यांना, म्हणजे हणमंतरावांना, ती मामा म्हणायची. त्यांचा उभा जन्म हैदराबादेत गेलेला. अंधारात तिच्या कानाशी वाकून त्यांनी एकेक संवाद मराठीत सांगितला होता.

डिटेक्टिव्ह मुडद्याशेजारी उभा असतो आणि फोन वाजतो. बायकोचा. येताना वांगी आणा, देठाला काटे आहेत का बघून घ्या, जून निघाली तर तुम्हीच चिरा. सगळ्या शहराला टोपी घालणारा हा गडी फोनवर नुसता "हौ, हौ" करतो. केतकी हसून हसून बेजार झाली होती. तिनं लिहिलं होतं, 'पडद्यावर एकदाही न दिसणारी ही बायको या सिनेमाचा जीव आहे.'

"फोनवर खुनी असतो ना," युवराज म्हणाला. "प्रकरण दाबायचा भाव करतायत दोघं. डिलीट करून टाक. पुण्यात सबटायटल्ससकट लागला की उगीच परेशान होशील."

केतकीला मामांचा भयंकर राग आला. तेलुगू समजत नाही म्हणून सुनेची अशी थट्टा करायची? घरी गेल्या गेल्या सरळ विचारायचं, असं तिनं ठरवलं.

हिमायतनगरच्या घराचा जिना चढतानाच कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. थांबायचं नाव नव्हतं. मामा स्वयंपाकघराच्या दाराशीच गवार निवडत बसले होते. तिनं मागून हाक मारली, मग पुन्हा मारली. ते हलले नाहीत. ती समोर आली तेव्हा कुठं हसले.

"आलीस? बस. शिट्टी झाली की बंद करतो."

केतकीनं आत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. थिएटरात मागच्या रांगेतले लोक किती वेळा गप्प बसा म्हणाले होते आणि मामांनी एकदाही मागं पाहिलं नव्हतं. सिनेमातला एक शब्द त्यांना ऐकू आला नव्हता. घरातलंही किती दिवसांपासून ऐकू येत नव्हतं कोण जाणे. कुणी काही बोललं की ते "हौ, हौ" म्हणत आणि सगळ्यांचं तेवढ्यावर भागत होतं. राग कुठल्या कुठं गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

जेवताना मामा आपल्या ताटात गुंग होते. केतकीनं नवऱ्याला, शिवराजला, हळू आवाजात सगळं सांगितलं. तो हादरला. कोठी भागात कानाचे चांगले डॉक्टर आहेत, शनिवारीच नेऊ, मशीन बसवू, म्हणाला. मग तिनं त्याला परीक्षण वाचून दाखवलं. वांग्यांपाशी त्याचा घास हातातच राहिला.

"हे आईचं आहे," तो म्हणाला.

तिच्या सासूबाई, इंदुताई, या दोघांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या. केतकीनं त्यांना हार घातलेल्या फोटोतच पाहिलं होतं. शिवराज सांगत गेला. आई रोज संध्याकाळी बाबांच्या ऑफिसात फोन करायची. भाजी कुठली, कुठून घ्यायची, कशी पारखायची. बाबा साहेबासमोर उभे असले तरी "हौ, हौ" म्हणायचे. सगळं ऑफिस हसायचं.

केतकीनं परीक्षण काढलं नाही. खाली एक ओळ तेवढी घातली: 'हा सिनेमा मी सासऱ्यांच्या शेजारी बसून पाहिला.' डॉक्टरांकडे शनिवारऐवजी सोमवारी जायचं ठरवलं आणि त्याआधीच्या रविवारची तिकिटं काढली. मग ती मामांच्या समोर बसली आणि त्यांना ओठ दिसतील अशी सावकाश बोलली.

"मामा, तोच सिनेमा परत बघू या. त्याच्या बायकोचं बरंच बोलणं माझं ऐकायचं राहिलंय."

मामांनी इंदुताईंच्या फोटोकडे पाहिलं.

"हौ," ते म्हणाले. "लई बोलती ती."