लोफोटनचं तिकीट

“बाबा, करू काय बुक?” नयननं विचारलं. तिचं बोट लॅपटॉपच्या बटणावर टेकलेलं होतं.

“थांब जराशी,” पुंडलिकराव म्हणाले.

पुंडलिकरावांनी आर्णीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. नॉर्वेचा दातेरी किनारा ते फळ्यावर डोळे मिटून काढत. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास. तिथल्या लोफोटन बेटांवर जायचं, आणि तेही टूरवाल्याच्या झेंड्यामागं नाही, आपलं आपण. बोट किती वाजता सुटते, तंबू कुठं ठोकता येतो, वारा केव्हा माणसाला आडवा करतो, सगळं पाठ. जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही, हे तर बसस्टँडवरच्या राजदीप चहावाल्यालाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. “मग कधी जाऊन राह्यले, सर?” असं कोणी विचारलं, की पुंडलिकराव उसासा टाकत. “माह्यं काय, आजच निघतो. पण घरचे सोडत नाहीत ना!”

यंदा मात्र लेक पुण्याहून सुट्टी काढून आली. तिनं अर्ज भरले, कागद जमवले, आणि काल व्हिसा हाती पडला. आता उरलं होतं ते विमानाचं तिकीट.

पुंडलिकरावांनी मोठ्या आशेनं स्वयंपाकघराकडं पाहिलं.

“कोकिळा, जूनमध्ये पेरणी हाये. सोयाबीनचं कसं?”

“मी पाहीन,” बायको आतून म्हणाली. “तुमी घरी असता तवा बी मीच पाहते.”

“आन् माह्ये गुडघे?”

“डॉक्टरनं चालाचंच सांगतलं हाये.”

“तिथं सारे मासोळ्या खातात. मी काय खाऊ?”

कोकिळाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “खिचडीचे अठरा पुडे बांधून ठेवले. वरून उकळतं पाणी टाकलं की झालं.”

“बाबा, सहा मिनिटं उरली,” नयन म्हणाली. “मग ही सीट जाईल.”

पुंडलिकरावांनी आणखी एक अडचण शोधली. सापडेना.

“म्हणजे... तू राजी हायेस?”

“मी नाही कधी म्हटलं?”

पुंडलिकराव आठवत राहिले. खरंच, ती कधीच नाही म्हणाली नव्हती. त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

ते खाटेवर बसले. मग हळूच म्हणाले, “कोकिळा, मले भेव लागते व. सारी उमर पोरांले शिकवलं. आन् तिथं जाऊन मलेच काही जमलं नाही तं?”

नयननं बटणावरचं बोट उचललं. बाबांच्या तोंडून असलं काही तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कोकिळाबाई हसल्या नाहीत. नवऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या.

“लागू द्या ना,” त्या म्हणाल्या. “भेव घेऊनच जा. त्याचं काय वजन होते?”

पुंडलिकराव आधी गालात, मग खदाखदा हसले. उठले, लेकीला जरा बाजूला सरकवलं, आणि बटण स्वतः दाबलं.